ट्रायो म्हणजे तीन, मग माणसं चार का?

गेल्या महिन्यात पुण्यात कॅम्पातल्या एका चर्चमध्ये आम्ही चौघांनी सतराव्या शतकातल्या आर्कांजेलो कोरेल्ली या इटालियन संगीतकाराचे दोन ट्रायो सोनाटा (वाद्यांसाठीच्या, अनेक भागांच्या रचना) वाजवले. दोन व्हायोलिन, एक चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जाचं वाद्य) आणि ऑर्गन. याच सदरात मी त्याची सूचना दिली होती, त्यामुळे तुमच्यापैकी बरेच जण आले होते. नंतर आलेली पत्रं बहुतेक त्याच संध्याकाळबद्दल आहेत, म्हणून या वेळी दुसरा विषय घेत नाही.

प्रश्न : कार्यक्रमासाठी खास मिरजेहून आलो होतो. पत्रिकेवर ‘ट्रायो सोनाटा’ असं छापलं होतं. ट्रायो म्हणजे तिघं, एवढं मला कळतं. समोर मात्र चौघं बसले होते. छपाईची चूक होती का? — एक तंतुवाद्य कारागीर, मिरज

उत्तर : चूक नव्हती. मी शिकत होते तेव्हा मलाही पहिल्यांदा हेच विचारावंसं वाटलं होतं.

हे तीन म्हणजे माणसं नव्हेत, स्वरांच्या ओळी. वर दोन ओळी व्हायोलिनच्या, खाली एक खर्जाची. कोरेल्लीने पहिला संच १६८१ मध्ये रोममध्ये छापला. त्यात बारा सोनाटा होते आणि तो संच त्याने स्वीडनच्या क्रिस्तिना राणीला अर्पण केला. ही राणी १६५४ मध्ये गादी सोडून पुढे रोमला येऊन राहिली होती आणि तिच्या वाड्यात संगीताचा मोठा राबता असे. त्या संचाच्या मुखपृष्ठावर इटालियनमध्ये जे लिहिलंय त्याचा अर्थ असा : तीन ओळींचे सोनाटा, दोन व्हायोलिन आणि व्हायोलोने किंवा आर्किल्यूट, सोबत ऑर्गनसाठी बास. व्हायोलोने हे चेलोच्या कुळातलं खर्जाचं वाद्य आणि आर्किल्यूट ही लांब मानेची, जादा खर्जतारा असलेली वीणाच म्हणा. तुमच्या हातात एखादी आली तर तुम्ही आधी तिची तारांखालची घोडी बघाल.

आता गंमत अशी की या संचाच्या वह्या चार होत्या. त्या काळी सगळ्या ओळी एकाखाली एक मांडलेलं पुस्तक कोणी वाजवायला घेत नसे, ज्याची त्याची वही वेगळी. पहिल्या व्हायोलिनची एक, दुसऱ्याची एक, खर्जाची एक आणि ऑर्गनची एक. पण ऑर्गनच्या वहीत स्वतंत्र चाल नव्हती. तिथे जवळजवळ तीच खर्जाची ओळ पुन्हा छापलेली होती, फक्त तिच्यावर बारीक आकडे होते. ते आकडे बघून ऑर्गनवाला मधली जागा आपल्या बुद्धीने भरायचा. म्हणजे ओळी तीन, वह्या चार, आणि मधल्या भरावाला वही नाहीच.

चार वर्षांनी, १६८५ मध्ये, कोरेल्लीने दुसरा संच काढला. तो दिवाणखान्यात वाजवायच्या नृत्यचालींचा होता. त्याच्या मुखपृष्ठावर ‘व्हायोलोने किंवा हार्पसिकॉर्ड’ (तारा छेडून वाजणारं पट्ट्यांचं वाद्य) असं आहे आणि वह्या तीनच आहेत. एका ‘किंवा’ने माणूस कमी झाला. मला मुखपृष्ठं वाचायला आवडतात ती यासाठी.

उलट टोकाचं उदाहरणही सांगते. योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराने १७३० च्या सुमारास लाइपझिगमध्ये सहा ट्रायो सोनाटा एकट्या ऑर्गनसाठी एकत्र केले. उजव्या हाताला एक ओळ, डाव्या हाताला दुसरी आणि खर्जाची ओळ पायांनी, पायपट्ट्यांवर. तिथे वाजवणारा माणूस एकच, आणि नाव तरीही ट्रायोच.

तुम्ही तंबोरे बनवता, म्हणून हे तुम्हाला पटेल : आपल्याकडे पत्रिकेवर ‘गायन’ एवढंच असतं आणि मंचावर गायक, दोन तंबोरे, तबला, पेटी असे पाच जण बसतात. त्यात कोणाला चूक वाटत नाही.

प्रश्न : मी चाळीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. घरी अजून पायाने चालवायचा ऑर्गन आहे, सूर उत्तम आहेत. तुमच्या कार्यक्रमातला ऑर्गन म्हणजे हाच का? आमच्या ऑर्गनवर ही साथ करता येईल का? — एक जुने साथीदार, रत्नागिरी

उत्तर : काका, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नाव एक असलं तरी वाद्यं दोन आहेत, आणि दोन्हींतला फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

तुमच्या ऑर्गनमध्ये पितळी रीड असतात. पाय मारले की भाता आतली हवा ओढतो, ती रीडवरून जाते आणि रीड थरथरते. पेटीची ती थोरली बहीण. चर्चच्या ऑर्गनमध्ये सूर देतात त्या नळ्या, काही लाकडी, काही कथील-शिशाच्या मिश्रधातूच्या. त्यातल्या बहुतेक नळ्या बासरीसारख्या किंवा शिट्टीसारख्या बोलतात, आणि त्यांत हवा ओढली जात नाही, दाबाने सोडली जाते. कोरेल्लीच्या काळी वीज नव्हती, त्यामुळे मागे भाता चालवायला वेगळा माणूस लागे. म्हणजे चार वादकांचा पाचवा साथीदार भिंतीआड घाम गाळत असे. त्याचं नाव कुठल्याच वहीत नाही.

तुमच्या ऑर्गनवर साथ करता येईल का? येईल, आणि मी ती आनंदाने ऐकेन. रीडचा आवाज जरा धारदार असतो, तो व्हायोलिनच्या आवाजात घुसतो. म्हणून जो सर्वांत मऊ आवाजाचा खटका असेल तेवढाच ओढा. पण खरी अडचण वाद्याची नाही, सवयीची आहे. नाट्यपदाला साथ करताना तुम्ही गायकाच्या मागोमाग जाता. त्याने एखादी जागा घेतली की तुमची बोटं ती जागा धरतात, तो श्वास घेतो तिथे तुम्ही भरता. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून ऑर्गनवाल्याचं कौतुक याच गुणासाठी झालं. इथे मात्र व्हायोलिनच्या चालीमागे जायचं नाही. डाव्या हाताने खर्जाची ओळ, चेलोबरोबर, अगदी सरळ. उजव्या हाताने दोन-तीन स्वर एकत्र, व्हायोलिनच्या खालीच राहून. वर दोघी काहीही करोत, आपण जमीन हलू द्यायची नाही.

आमचे ऑर्गनवाले तरुण आहेत, त्यांना हे जमायला दोन वर्षं लागली. तुम्हाला लय आणि वजन यांची जाण आहे, तुम्हाला फार तर दोन महिने लागतील. फक्त हात आवरायचे.

प्रश्न : खर्जाच्या ओळीवरचे आकडे म्हणजे नक्की काय? यूट्यूबवर बघितलं पण सगळं कॉर्डच्या भाषेत आहे. मी पेटी शिकतो, सरगम कळतं. — बी.एस्सी.चा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : मग सरगमातच सांगते. पेटी जवळ ओढा.

आकडा म्हणजे खर्जाच्या स्वरापासून मोजलेलं अंतर, खर्जाचा स्वर स्वतः एक धरून. खर्जात सा असेल तर ग हा तीन, म चार, प पाच, ध सहा, नी सात. आकडा नसेल तर तीन आणि पाच समजायचे, ते लिहायचे कष्ट कोणी घेत नसे. खर्जात सा आणि वर ६ लिहिलं असेल तर पंचमाऐवजी धैवत. बस, मूळ नियम एवढाच. बाकी शेपन्नास बारकावे आहेत, ते हाताखालून गेल्याशिवाय लक्षात राहत नाहीत.

आता एक प्रयोग करा. सगळे स्वर शुद्ध. उजव्या हाताचा अंगठा मंद्र पंचमावर ठेवा आणि तो उचलू नका. मधल्या बोटाने मध्य सप्तकातला सा, करंगळीने रे, तिन्ही एकदम दाबा. सा आणि रे एकमेकांना घासतात ना? दात शिवशिवतात तसं होतं. ते तसंच दोन मात्रा धरून ठेवा. मग फक्त मधलं बोट उचला आणि तर्जनीने खालचा मंद्र निषाद दाबा. रे आणि पंचम जागचे हलले नाहीत, तरी सगळी खोली मोकळी झाल्यासारखी वाटते.

पंचमापासून मोजा. प एक, ध दोन, नी तीन, सा चार. म्हणजे चाराचा तीन झाला. ऑर्गनच्या वहीत त्या पंचमावर फक्त ‘४ ३’ एवढं छापलेलं असतं. तुम्ही आत्ता जे ऐकलं ते सगळं त्या दोन आकड्यांत आहे.

इथेच थांबू नका. अंगठा मंद्र धैवतावर न्या. करंगळीचा रे तसाच राहिला पाहिजे, म्हणून तो आता मधल्या बोटावर घ्या. त्याच्या डोक्यावर करंगळीने ग दाबा. पुन्हा घर्षण, या वेळी रे आणि ग यांचं. आता रे खाली सा वर उतरवा. धैवतापासून मोजलंत तर पुन्हा चाराचा तीन.

मघाशी रे हा घुसणारा स्वर होता, वरून येऊन सा ला टोचणारा. आता तोच रे टोचून घेतोय आणि उतरतोय. व्हायोलिनवर हे दोन वेगळ्या माणसांत वाटलेलं असतं. एकीने धरायचं, दुसरीने वरून यायचं, मग धरलेली उतरते आणि उडी मारून दुसरीच्याही वर जाते, आता दुसरीने धरायचं. अशी साखळी पायरी पायरीने चढत जाते. कोरेल्लीच्या संथ चालींचा प्राण मला तरी इथेच सापडतो. त्याच्या या संचांत व्हायोलिनला फार कसरत नाही, डावा हात तिसऱ्या पोझिशनच्या, म्हणजे पट्टीवरच्या तिसऱ्या जागेच्या, वर जात नाही. जे आहे ते या धरण्यात आणि उतरण्यात आहे.

प्रयोग जमला की नाही ते कळवा. पेटीचा भाता सावकाश, एकसारखा हलवा, नाहीतर मधेच दम तुटतो.

प्रश्न : वाजवायला सुरुवात करण्यापूर्वी तुम्ही बराच वेळ सूर लावत होता. आधी लावून का येत नाही? — एक श्रोती, पुणे ४

उत्तर : आधी लावूनच येतो. पण नळ्यांमधली हवा तापली की ऑर्गन चढतो आणि गारठली की उतरतो. ऑर्गनच्या शेकडो नळ्या कार्यक्रमापूर्वी कोणी लावत बसू शकत नाही, तेव्हा आम्हीच त्याच्याशी जुळवून घ्यायचं. त्या संध्याकाळी दुपारचं ऊन भिंतीत मुरलेलं होतं, वर तुम्ही दीडशे माणसं आत आलात. दुपारच्या तालमीला लावलेल्या तारा संध्याकाळी कमी पडल्या. डिसेंबरमध्ये याच्या उलट होतं.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, पाच वर्षं व्हायोलिन शिकतेय. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात कोरेल्लीचा ट्रायो सोनाटा बसवतायत, ओपस ३ (त्याचा तिसरा छापील संच) मधला दुसरा. तिला दुसरं व्हायोलिन दिलंय आणि तिच्याबरोबर लागलेल्या मैत्रिणीला पहिलं. तेव्हापासून ती वहीला हात लावत नाही. मैत्रिणी म्हणाल्या, तुला कमी येतं म्हणून दुसरं. मी सरांशी बोलू का? की क्लास बदलू? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, सरांशी बोलायची घाई करू नका. क्लास तर अजिबात बदलू नका. आधी ती वही उघडा.

मी पस्तीस वर्षं दुसरं व्हायोलिन वाजवतेय. पंधराव्या वर्षी मलाही ते असंच मिळालं होतं. माझे सर गोव्याचे. तिथल्या चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकून, चर्चच्या गायनमेळ्यात वाजवून वाढलेले, मग नोकरीसाठी पुण्यात आलेले. त्यांनी वह्या वाटल्या आणि माझ्यासमोर दुसरी आली. मी घरी येऊन आईजवळ रडले. आईला व्हायोलिनमधलं काही कळत नव्हतं. तिने विचारलं, “दुसरीला वाजवायला कमी असतं का?” मला उत्तर देता आलं नाही, कारण मी वही बघितलीच नव्हती.

पहिल्या तालमीत काय झालं ते सांगते. संथ भाग होता. माझा एक लांब स्वर होता, मी तो धरला. वरून पहिल्या व्हायोलिनचा स्वर आला आणि माझ्या स्वराला घासला. मला वाटलं, मी चुकले. बोट आपसूक सरकलं, मी अर्धी मात्रा आधीच खालच्या स्वरावर गेले. सरांनी गज उचलून थांबवलं. पुन्हा तिथपर्यंत आलो, पुन्हा माझं बोट सरकलं. तिसऱ्या वेळी ते माझ्या स्टँडजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “तुझा स्वर बरोबर आहे. ती येणार, तुला लागणार. तरी थांब. ती पोचली की मग तू उतर.” चौथ्या वेळी मी थांबले. आजही तो स्वर माझ्या डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटात आहे.

नाशिकच्या विद्यार्थ्याला वर जो पेटीचा प्रयोग सांगितलाय तो तुम्ही दोघी मिळून करा. तुम्ही पंचम आणि रे दाबा, तिला सा आणि मग नी दाबू द्या. मग अदलाबदल. ज्या स्वराला टोचलं जातं आणि जो उतरून सगळ्यांना मोकळं करतो, तो वाजवायला जास्त कठीण असतो. आणि या सोनाटात तो कधी पहिलीकडे असतो, कधी दुसरीकडे.

तुमच्या मुलीला मिळालेला सोनाटा मला पाठ आहे. ओपस ३ हा संच १६८९ चा, मोदेनाचा ड्यूक फ्रांचेस्को दुसरा याला अर्पण केलेला. त्यातला दुसरा सोनाटा डी मेजर या स्वरमालेत आहे आणि त्याचे भाग चार : ग्राव्हे, आल्लेग्रो, अडाजिओ, आल्लेग्रो. संथ, जलद, संथ, जलद. ग्राव्हेमध्ये खर्ज न थांबता पावलं टाकत राहतो, वारीत टाळकऱ्यांची पावलं पडतात तशी, आणि वर दोन्ही व्हायोलिन ती धरण्या-उतरण्याची साखळी विणतात. कित्येक ठिकाणी दुसरं व्हायोलिन पहिल्याच्या वर जातं. पहिल्या आल्लेग्रोमध्ये एकाने चाल सांगायची, दुसऱ्याने तीच घ्यायची, मग खर्जानेही. अडाजिओत दोघी जवळजवळ खांद्याला खांदा लावून गातात, तीन मात्रांच्या संथ चालीत. आणि शेवटचा आल्लेग्रो जिग नाचाच्या वळणाचा. त्याचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो तेव्हा तीच चाल उलटी होऊन येते, जिथे चढत होती तिथे उतरते. मुलीला आधी हे शोधायला सांगा. तिला ते सापडलं की ती वही बंद करणार नाही.

आणखी एक गोष्ट तिला नक्की सांगा. कोरेल्ली स्वतः हे सोनाटा वाजवायचा तेव्हा त्याच्या शेजारी दुसऱ्या व्हायोलिनवर मात्तेओ फोर्नारी असे. तो त्याचा शिष्य. १६८० च्या दशकापासून ते दोघं रोममध्ये एकत्र वाजवत आले. खर्जाला बऱ्याचदा जोव्हानी लुलिएर असे, त्याला लोक ‘व्हायोलोनेवाला जोव्हानी’ याच नावाने ओळखत. ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्डवर बेर्नार्दो पास्क्विनी, रोममधल्या आराचेली चर्चचा ऑर्गनवादक. क्रिस्तिना राणीचा वाडा असो, कार्डिनल पांफिली असो की ओत्तोबोनी, बोलावणं आलं की कोरेल्ली आणि फोर्नारी बरोबर जात. जानेवारी १७१३ मध्ये कोरेल्ली गेला. मृत्युपत्रात त्याने आपली व्हायोलिनं फोर्नारीला दिली, आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत घासूनपुसून ठेवलेल्या बारा कोंचेर्तींचं (मोठ्या तंतुवाद्यमेळासाठीच्या रचनांचं) हस्तलिखितही त्यालाच. ते १७१४ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये छापून आलं, ओपस ६ म्हणून, आणि त्यामागे फोर्नारीचीच खटपट होती. स्वतःची सगळ्यांत जपलेली वस्तू माणूस कोणाच्या हाती देतो, याचा विचार तुमची मुलगी तिच्या वयातही करू शकेल.

तिच्यापासून लपवू नका की प्रत्येक संगीतात दुसरं व्हायोलिन असंच नसतं. मी वाद्यवृंदात वाजवलंय. तिथे कित्येक रचनांत दुसऱ्या व्हायोलिनला पानंच्या पानं नुसता भराव असतो, हात दुखतो आणि कोणाला ऐकूही जात नाही. तिथे तिला वाईट वाटलं तर मी तिची समजूत घालणार नाही. कोरेल्लीच्या या सोनाटातही पहिलं व्हायोलिन बऱ्याचदा आधी सुरुवात करतं आणि थोडं जास्त वेळ वर असतं, हे खरं आहे. पण डोळे मिटून ऐकलंत तर आत्ता कोण कोणतं, हे दर दोन ओळींनी चुकेल. मी स्वतः रेकॉर्डिंग ऐकताना चुकते.

सरांशी बोलायचंच असेल तर तक्रार करू नका, एक विनंती करा. तालमीत दोघी मुलींनी वह्यांची अदलाबदल करून वाजवावं, आठवड्यातून एकदा. आमच्या सरांनी आम्हाला वर्षभर तसं करायला लावलं. दुसरीची ओळ वाजवल्याशिवाय पहिलीला कळत नाही की आपण वरून येतो तेव्हा खाली कोणीतरी टोचून घेत असतं, आणि ते न कळता ती नुसती जोरात वाजवत राहते. तुमच्या मुलीच्या मैत्रिणीलाही याची तेवढीच गरज आहे. कार्यक्रमात मात्र सरांनी ठरवलेलंच राहू द्या.

दोघींना उभंही नीट करायला सांगा. एकामागे एक नको, समोरासमोर, थोड्या तिरक्या, म्हणजे एकमेकींचा गज दिसेल. धरलेला स्वर संपवताना श्वास एकत्र सुटायला हवा, आणि तो मोजून सुटत नाही, बघून सुटतो. क्लासमध्ये ऑर्गन नसणार. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असेल तर त्यावरचा बासरीसारखा सर्वांत साधा आवाज लावा, पियानोचा नको. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विरत जातो. इथे खालून स्वर टिकून राहिला पाहिजे, नाहीतर वरचं घर्षण अधांतरी पडतं. चेलो वाजवणारं कोणी नसेल तर कीबोर्डच्या डाव्या हातावर भागवता येतं, पण कोल्हापुरात विचारून बघा, एखादा चेलोवाला निघेलही.

घरी सरावाला एक युक्ती. पहिल्या व्हायोलिनची ओळ मैत्रिणीकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, संथ लयीत. ती लावायची आणि मुलीने दुसरी ओळ आधी वाजवायची नाही, गायची. गळ्याने धरलेला स्वर टोचला की मान आपोआप ताठ होते आणि कुठे थांबायचं ते शरीराला कळतं. गज नंतर.

ग्राव्हे बसायला महिना जाईल, जाऊ द्या. जलद भाग तेरा वर्षांच्या बोटांना पटकन येतात.

कार्यक्रमाची तारीख ठरली की मला जरूर कळवा. मी येईन, आणि शक्यतो दुसऱ्या व्हायोलिनच्या बाजूच्या खुर्चीत बसेन.